शाळेच्या आवारातील ऐरण

व्यवसायशिक्षणाचा आपल्याकडील इतिहास हा बव्हंशी उद्दिष्टांचा इतिहास आहे, आणि उद्दिष्टांच्या मुदती वाढवून घेण्याचा सरकारी शिरस्ता ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांस तो चाळताना फारसा अचंबा वाटणार नाही. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपला विस्तीर्ण अहवाल सादर केला, तेव्हा १९८६ पर्यंत कनिष्ठ माध्यमिक स्तरावरील २० टक्के आणि दहावीपुढील ५० टक्के विद्यार्थी पूर्णवेळ वा अर्धवेळ व्यवसायशिक्षण घेत असतील, अशी अपेक्षा त्यात नमूद केली होती. १९८६ साल उजाडले ते नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घेऊन. त्याने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत या मार्गास लागावेत असे मुक्रर केले. १९९२ च्या कृतिकार्यक्रमाने तेच दोन आकडे उचलून अनुक्रमे १९९५ आणि २००० या सालांसमोर मांडले. २०२० च्या धोरणाने पुनश्च ५० टक्क्यांचा आकडा घेतला आणि त्यापुढे २०२५ हे साल लिहिले. तेही आता मागे पडले आहे.

याच २०२० च्या धोरणात, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे, एक कबुलीही नोंदलेली आहे. १९ ते २४ या वयाच्या भारतीय कामकरी वर्गापैकी औपचारिक व्यवसायशिक्षण लाभलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी भरते, आणि तेच अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ व दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे. या तफावतीची मीमांसा करताना आपले विद्वान बहुधा पालकांस दोष देऊन मोकळे होतात. भारतीय माणसास पांढरपेशेपणाचे वेड आहे, त्याला पोराच्या हाती लेखणीच हवी, हातोडा नको, असा त्या मीमांसेचा मथितार्थ. मला ही मीमांसा निम्मीच खरी वाटते. ज्या बापाने आपल्या मुलाच्या शाळेत असे पाहिले आहे की गणितात नापास झालेल्यांना वेचून त्यांची स्वतंत्र तुकडी पाडली जाते, त्या तुकडीच्या दारावर ‘व्यवसाय’ अशी पाटी लागते, आणि एकदा त्या दाराने आत गेलेला मुलगा पुढे पदवीच्या वाटेस यावयाचे म्हटले तर त्याच्या अर्जावर ‘अपात्र’ असा शेरा पडतो, तो बाप आपले पोर तेथे पाठविण्यास कुरकुरला, तर त्याला वेड लागले आहे असे म्हणता येणार नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. हाताचे काम हे सर्वांच्या शिक्षणाचे अंग म्हणून शाळेत आले, आणि ते काम खरे असले, म्हणजे त्याला कोणी गिऱ्हाईक असले, तरच ते टिकते. मागे पडलेल्यांची सोय म्हणून आले तर ते मरते. इतक्या वर्षांच्या प्रयोगांतून हाती लागलेली मुख्य गोष्ट ही, आणि तिचा सर्वांत चांगला पुरावा परदेशांत शोधण्याचे कारण नाही, तो पुणे जिल्ह्यातच आहे.

परंतु तिकडे वळण्यापूर्वी वर्ध्यास जाऊन आले पाहिजे.

१९३७ च्या ऑक्टोबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अल्पावधीत मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. त्यातील वेळापत्रक आजही वाचण्याजोगे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास. संगीत, चित्रकला आणि अंकगणितास मिळून ४० मिनिटे. मातृभाषेस ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञानास ३० मिनिटे. व्यायामास १० आणि मधल्या सुट्टीस १०. सूत कातता कातता कापसाचा भूगोल, धाग्याच्या लांबीचे गणित आणि मँचेस्टरचा इतिहास मुलास समजावा, ही त्यामागची उदात्त कल्पना. मुलांच्या श्रमांतून शिक्षकाचे वेतन निघावे, हा मात्र तिला जडलेला दुसरा आग्रह होता, आणि परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी त्यावर आक्षेप घेतला होता. शाळेतील माल बाजारात उतरला म्हणजे पोटासाठी तोच धंदा करणाऱ्या कारागिरावर गदा येईल आणि मुलांच्या वाट्याला वेठ येईल, हा त्या आक्षेपाचा आशय. सेवाग्रामी आर्यनायकम् दांपत्याने निष्ठेने चालविलेल्या शाळेत जे साधले ते सरकारी हुकमाने हजारो शाळांत पसरविताना साधले नाही. टकळी राहिली, तिच्याभोवतीचे गणित आणि भूगोल गळाले. स्वातंत्र्योत्तर काळात ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी पाटी असलेल्या शाळेत जे शिकले अशा माझ्या पिढीच्या वडीलधाऱ्यांस विचारावे, तर सुताचा गुंडा पुरा व्हावा म्हणून आईकडून रात्री कातवून घेतल्याच्या आठवणी ते हसत सांगतात.

मूलोद्योगाच्या या अपयशात आणखी एक गाठ होती, आणि ती जातीची होती. ज्या समाजात सुताराचा मुलगा सुतार आणि चांभाराचा मुलगा चांभार हा नियम शतकानुशतके चालला, त्या समाजातील खालच्या थरास शाळेचे आकर्षण वाटले तेच मुळी तो नियम मोडणारे स्थान म्हणून. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात प्राथमिक शाळांतून शेतीचे व आरोग्याचे व्यावहारिक ज्ञान द्यावे असे मागितले आहे खरे. पण ते ज्ञान मागताना शेतकऱ्याच्या पोरास शेतीतच डांबून ठेवावे असे त्यांच्या मनात स्वप्नातही नव्हते. याउलट १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी अशी योजना आणली की खेड्यातील मुलाने अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात बापाच्या हाताखाली काढावा. द्रविड चळवळीने तिला कुलपरंपरेचे शिक्षण ठरवून असा गदारोळ केला की पुढल्याच वर्षी राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली. व्यवसायशिक्षणाचे आराखडे करणाऱ्यांनी हा प्रसंग टेबलाच्या काचेखाली ठेवावा. बापाचाच धंदा शिकविणारी शाळा कितीही कळवळ्याने काढलेली असो, ज्याच्यासाठी ती काढली तोच तिच्यावर संशय घेणार, आणि तो घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जयंत पांडुरंग नाईक हे कोल्हापूरकडचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी हयातीची काही वर्षे ओतली. आयोगाने ‘कार्यानुभव’ ही संकल्पना मांडली, ती शाळेत पोहोचेतो तिचे काय झाले हे त्या तासाला बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे: घोटीव कागदाची फुले, खडू, पुठ्ठ्याचे कव्हर, आणि वर्षाअखेरीस परीक्षकापुढे मांडण्यासाठी आदल्या सायंकाळी बाजारातून आणलेली बाहुली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याचेच ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे लांबलचक बारसे केले. बाहुली तीच राहिली. परंतु नाईकांनी १९४८ मध्ये स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या पंखाखाली पुढे एक असा प्रयोग उभा राहिला की त्यात कार्यानुभवाचा मूळ अर्थ शाबूत सापडतो.

इतिहासाच्या वाचकास पाबळ हे शिरूर तालुक्यातील गाव ठाऊक असते ते मस्तानीच्या कबरीमुळे. पर्जन्यछायेतला मुलूख, उथळ मुरमाड जमीन, विहिरींनी उन्हाळ्यात तळ दाखवावा हा नेम. येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग आणि त्यांच्या पत्नी मीराताई येऊन राहिले आणि ‘विज्ञान आश्रम’ सुरू झाला. कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टर. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थाने जी शाळा काढली तिच्यात येणारी मुले बहुतेक इतर शाळांनी ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ असा दाखला देऊन सोडलेली होती. कलबागांचा सिद्धान्त असा की मूल मातृभाषा ज्या रीतीने शिकते, म्हणजे गरजेपोटी, चुकतमाकत, खऱ्या माणसांशी खऱ्या कामासाठी बोलत, त्याच रीतीने विज्ञानही शिकू शकते; शाळा ती स्वाभाविक रीत बंद पाडते आणि मग मुलास मठ्ठ ठरविते.

येथपर्यंत सिद्धान्त झाला, आणि उदात्त सिद्धान्तांची आपल्याकडे वाण नाही. कलबागांचे वेगळेपण त्यांनी त्याची जी व्यवस्था लावली तिच्यात आहे. एक धंदा पक्का शिकवून कारागीर घडवावयाचा नाही. एका वर्षात मुलाने चारही अंगांची कामे करावयाची, असे त्यांनी ठरविले. वर्कशॉप व बांधकाम हे एक अंग, ऊर्जा व पर्यावरण हे दुसरे, शेती व पशुपालन हे तिसरे, गृह व आरोग्य हे चौथे. त्यामुळे मुलगा चिक्की करतो, मुलगी वेल्डिंग करते, आणि कोणाच्याही आडनावावरून त्याचे काम ठरत नाही. मद्रासच्या योजनेने जेथे ठेच खाल्ली त्या जागी पाबळने असा वळसा घेतला. निवासी अभ्यासक्रमाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता लाभली. आणि त्याचेच शाळकरी रूप, ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाचा आठवी ते दहावीचा विषय, माध्यमिक शालान्त मंडळाने स्वीकारला. शाळांतून त्याला आय.बी.टी. म्हणतात. कलबाग २००३ साली वारले. त्याच्या आदल्या वर्षी, अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने, संगणकाच्या आज्ञेवर वस्तू घडविणारी ‘फॅब लॅब’ पाबळला येऊन पोहोचली होती. त्या देशाबाहेरील अशा पहिल्या काही प्रयोगशाळांत तिची गणना होते. तिचे छायाचित्र अहवालांत ठळक छापले जाते. मला स्वतःला शाळांतील लोखंडाचा आणि शेणामातीचा भाग अधिक बोलका वाटतो.

आय.बी.टी.चा दिवस ज्या दिवशी असतो त्या दिवशी अशाच एका शाळेच्या आवारात मी जे पाहिले ते थोडे तपशिलाने सांगतो. आवारालगतच्या गोठ्यात नववीच्या एका गटाला गायीचे वजन काढावयाचे होते. गायीला काट्यावर चढविता येत नाही, तेव्हा टेपने पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यावयाचा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी घ्यावयाची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावयाचे आणि १०८४० ने भागावयाचे, म्हणजे वजन किलोग्रॅममध्ये निघते. एका मुलीने घेर १६१ सांगितला, दुसरीने १५८. लांबी दोघींचीही १३६. पहिलीच्या हिशेबाने गाय ३२५ किलोची झाली, दुसरीच्या हिशेबाने ३१३ किलोची.

“टेप सैल धरली होतीस,” निदेशक म्हणाला. हा निदेशक गावातलाच, स्वतःचे वेल्डिंगचे दुकान असलेला तरुण. “बोटं आत घालून नाही धरायची. परत घे.”

“सर, तीनच सेंटिमीटरचा तर फरक आहे.”

“आणि वजनात?”

“बारा किलो.” मुलगी क्षणभर वहीकडे पाहत राहिली. “एवढे कसे काय?”

गोठ्याचा मालक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला वयस्क शेतकरी, इतका वेळ कडब्याच्या पेंढीवर बसून होता. “जंताचं औषध वजनावर देत्यात,” तो मध्येच म्हणाला. “नीट मोजा बायांनो. मागं एकानं नजरअंदाजानं दिलं, तवा गाय दोन दिवस चारा खाईना.”

तेथे फळा नव्हता, आणि निदेशकाने वर्गाचे सूत्रही समजावले नाही. त्याने जमिनीवर काठीने एक चौकोन काढला, त्याच्या दोन बाजूंस बारीक पट्टी वाढवून दाखविली, आणि पट्टी एका बाजूसच नव्हे तर दोन्ही बाजूंस वाढते एवढे म्हणून तो गप्प राहिला. दुसऱ्यांदा घेर १५८ आला. मग त्याच मुलींनी वजनाच्या ३ टक्के या हिशेबाने गायीला रोज सुमारे साडेनऊ किलो शुष्क चारा लागतो असे काढले, आणि मालकाने आपण प्रत्यक्षात किती टाकतो हे सांगताच त्यांच्यात कुजबूज झाली. संख्येचा वर्ग केल्याने चुकीचाही जवळजवळ दुप्पट पसारा होतो, हे बीजगणिताच्या पुस्तकात असते आणि ते पाठही होते. परंतु त्याची जबाबदारी गायीच्या पोटाशी आणि शेतकऱ्याच्या नजरेशी बांधलेली असते तेव्हा ते वेगळ्या तऱ्हेने ध्यानात राहते. त्या शाळेच्या गणितशिक्षिकेने मला सांगितले की वर्गविस्तार शिकविताना आता त्या गायीपासूनच सुरुवात करतात.

पलीकडे वर्कशॉपमध्ये दुसरा गट अंगणवाडीच्या पाण्याच्या पिंपासाठी लोखंडी स्टँड करीत होता. पाऊण मीटरचे चार पाय, वरच्या चौकटीचे अर्ध्या मीटरचे चार तुकडे, खाली आडव्या पट्ट्यांचे तितकेच. एकंदर ७ मीटर अँगल. काम करण्याआधी खर्च काढावयाचा असा येथील दंडक आहे, आणि एका मुलाने ७ मीटरच्या वजनाला दुकानदाराच्या पावतीवरील किलोच्या दराने गुणून किंमत लिहून टाकली होती. निदेशकाने विचारले, दुकानात अँगल सात मीटरचा मिळतो काय? तो सहा मीटरचा मिळतो. म्हणजे दोन नग घ्यावे लागणार, साडेचार मीटरचा एक तुकडा उरणार आणि अर्ध्या मीटरचा एक, आणि ते कोणाच्या खात्यावर टाकावयाचे? यावर त्या चौघांत जो वाद झाला तो एखाद्या लेखापरीक्षकासही ऐकण्यासारखा वाटला असता. अखेर मोठा तुकडा भांडारात जमा धरावा, लहान तुकडा घट म्हणून अंगणवाडीच्या बिलात धरावा, असे ठरले. मग वेल्डिंगच्या कांड्या, वीज, रंग, मजुरी आणि यंत्राचा घसारा. स्टँड जमिनीवर ठेवला तेव्हा तो डुगडुगला. एक पाय अर्धा सेंटिमीटर आखूड कापला गेला होता. कोणी कोणास रागावले नाही, गुणही कापले नाहीत; पाय कापून पुनश्च जोडला, आणि त्या साडेचार मीटरच्या तुकड्याच्या शिलकीत तेवढी दुरुस्ती करावी लागली. निबंधातील चूक शिक्षकाने दाखवावी लागते आणि विद्यार्थी तिच्याबद्दल हुज्जत घालू शकतो. डुगडुगणाऱ्या स्टँडपुढे हुज्जत चालत नाही.

हे सर्व वाचावयास सोपे वाटते, म्हणून ते उभे राहण्यास काय काय लागते ते सांगितले पाहिजे. कारण व्यवसायशिक्षणाच्या योजना बुडतात त्या तत्त्वावर नव्हे, या किरकोळ वाटणाऱ्या बाबींवर. पहिली बाब वेळापत्रकाची. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हत्यारे वाटून होतात तोच घंटा वाजते, म्हणून आय.बी.टी.च्या शाळांनी आठवड्यातील एक दिवस सलग या विषयास दिला आणि तुकडीचे गट करून ते चार विभागांतून फिरते ठेवले. बाकीच्या विषयांचे शिक्षक याविरुद्ध तक्रार करतात, आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नसते. दहावीच्या वर्षी मुख्याध्यापकाचे धैर्य येथेच जोखले जाते.

दुसरी बाब शिकविणाराची. बी.एड्. झालेल्या शिक्षकास वेल्डिंग येत नाही आणि वेल्डरला बी.एड्. नसते, हा पेच सरकारी सेवाशर्तींनी कधीच सोडविला नाही. पाबळने तो असा सोडविला की गावातील काम जाणणारी माणसे, पुष्कळदा आश्रमातच वर्ष काढून परतलेली मुले, मानधनावर आठवड्यातून ठरावीक दिवशी बोलवावीत, आणि शाळेतील विज्ञानाच्या वा गणिताच्या शिक्षकाने त्यांच्याबरोबर उभे राहावे. यात कारागिराचा धंदा चालू राहतो, त्यामुळे त्याचे कौशल्य गंजत नाही. आणि शाळेने केलेली कामे बहुधा त्याच्याच ओळखीने येतात, त्यामुळे प्रा. शहांनी वर्ध्यास ज्या स्पर्धेची धास्ती घेतली होती तीही बरीच बोथट होते.

तिसरी बाब मी कित्येक शाळांत पाहिली आणि कोणत्याही अहवालात वाचली नाही. अनुदानातून आलेली हत्यारे जडवस्तुसंग्रह नोंदवहीत, शाळेच्या भाषेत ‘डेड स्टॉक’मध्ये, चढतात. एकदा ती तेथे चढली की मोडलेल्या ड्रिलचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो, आणि न वापरलेल्या ड्रिलचा जाब कोणालाही द्यावा लागत नाही. परिणाम असा की कपाटास कुलूप लागते, तपासणीच्या दिवशी ते उघडते, आणि सर्व नग शाबूत असल्याबद्दल शेऱ्यात समाधान व्यक्त होते. जेथे काम खरोखर चालते तेथे पान्हे झिजलेले असतात, करवतीची पाती तुटतात, चष्म्यांच्या काचांवर ठिणग्यांचे ओरखडे असतात. हत्यारे मोडण्याची तरतूद अंदाजपत्रकात करणारा अधिकारी मला भेटावयाचा आहे.

आपल्याकडे यापूर्वी या दिशेने काही झाले नाही असे नाही. १८९० साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ‘कलाभवन’ काढले, त्यात दादासाहेब फाळके शिकले. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात तयार झालेल्या माणसांनी इतरत्र काचेचे कारखाने उभे केले. परंतु ही धंद्याची विद्यालये होती, शाळा नव्हेत. शाळेच्या अंगाने पाहता मुदलियार आयोगाने १९५३ साली बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली, तांत्रिक विद्यालये निघाली. सत्तरच्या दशकाअखेर अकरावी-बारावीस द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आला. १९८८-८९ पासून किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘एम.सी.व्ही.सी.’, सुरू झाला. द्विलक्ष्यीचे भवितव्य विशेष बोधप्रद आहे. दोनशे गुणांचा व्यवसायविषय घ्यावा, त्यापोटी एक भाषा सुटावी, आणि तरीही अभियांत्रिकीची वाट मोकळी राहावी, ही तजवीज हुशार मुलांसही हस्तकौशल्याकडे आणावे या सद्हेतूने केली होती. हुशार मुले आली, झुंडीने आली. पण ती आली भाषा टाळून गुण वाढविण्यासाठी. इलेक्ट्रॉनिक्स हा विषय घेतलेल्यांतील किती जणांनी पुढे सोल्डरिंग आयर्न हातात धरले हे विचारणे कोणास प्रशस्त वाटले नाही. एम.सी.व्ही.सी.च्या वाट्यास नेमकी उलटी स्थिती आली: विज्ञान-वाणिज्यास प्रवेश न मिळालेल्यांचा तो अखेरचा थांबा ठरला, जरी त्यातील काही शिक्षकांनी अत्यंत कळकळीने काम केले आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज तालुक्यांच्या गावी मोटर रिवाइंडिंगची वा बेकरीची स्वतःची दुकाने चालवितात. या दोन अभ्यासक्रमांत मिळून जे दोष दिसले ते सगळे एकाच मुळापासून फुटले: एकात गुण होते आणि काम नव्हते, दुसऱ्यात काम होते आणि मान नव्हता.

सध्याचा जमाना समग्र शिक्षा अभियानातील, राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यास जोडलेल्या विषयांचा. नववीपासून बारावीपर्यंत किरकोळ विक्री, ऑटोमोटिव्ह, सौंदर्यसेवा, आरोग्यसेवा, शेती इत्यादी विषय शाळांना दिले जातात. त्यात ‘मल्टी स्किल’ नावाचा जो पायाभूत विषय आहे तो पाहिला की पाबळच्या चार विभागांचे स्मरण होते. येथवर ती कल्पना पोहोचली हे चांगलेच झाले. किरकोळ विक्रीचा विषय मात्र मला चमत्कारिक वाटतो. ज्या गावात किराण्याची तीन दुकाने आहेत आणि मॉल पन्नास किलोमीटरवर आहे तेथील चौदा वर्षांच्या मुलीस मॉलच्या मांडणीचे शास्त्र पुस्तकातून शिकविण्यापेक्षा त्याच तीन दुकानांपैकी एकाची खतावणी महिनाभर लिहावयास दिली, तर तिला व्यापार अधिक कळेल. आणि दुकानदारालाही आपली उधारी किती थकली आहे ते कळेल, जे बहुतेकांना कळलेले नसते. २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे दहा दिवस दप्तराविना जाण्याची जी कल्पना मांडली आहे ती चांगली आहे. फक्त त्या दहा दिवसांचा कुंभाराने किती मोबदला घ्यावा हे आधी ठरवावे. वर्गशिक्षक मुलांना घेऊन जातात, छायाचित्र काढतात, कुंभाराचा अर्धा दिवस मोडतो आणि चाकावरची माती सुकते.

या विषयांचे प्रशिक्षक बहुतांशी खासगी संस्थांमार्फत कंत्राटावर नेमले जातात. त्यांची नेमणूक वर्षाची, वेतन पुष्कळदा थकलेले, शिक्षककक्षात त्यांची खुर्ची दाराजवळची. एका शाळेत ऑटोमोटिव्ह शिकविणारा प्रशिक्षक मला म्हणाला की मुले आधी त्याला ‘सर’ म्हणत, आता ‘मेकॅनिक सर’ म्हणतात, आणि ते कोणी शिकविले हे त्याला ठाऊक आहे. ज्या शाळेत हा माणूस दुय्यम आहे त्या शाळेत मुलांना श्रमप्रतिष्ठेवर भाषण देण्याचा कार्यक्रम होऊ नये इतपत तारतम्य तरी पाळावे.

मुलींविषयी स्वतंत्र सांगण्याजोगे आहे. वर्कशॉपमध्ये मुलगी वेल्डिंग करते हे छायाचित्रास फार सुंदर दिसते. परंतु दहावीनंतर ती आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा धंदा निवडते काय, हा खरा प्रश्न. फार थोड्या निवडतात. गायीचे वजन काढणाऱ्या त्या गटातील मुलींना मी विचारले तेव्हा त्यांच्यापैकी एकीनेही तसा मनसुबा सांगितला नाही. मात्र घरची पाण्याची मोटर अडली तर आता भाऊ घरी येण्याची वाट पाहत नाही, स्टार्टर उघडून बघते, असे दोघींनी सांगितले. रोजगाराच्या कोष्टकात ही गोष्ट मावत नाही. आई-बापांस मात्र ती पुरेपूर कळते, आणि त्याच शाळेत या विषयाच्या पालकसभेस बाया अधिक येतात याचे कारण मला त्यात दिसले.

निघताना त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी विचारले की सरकारने आणखी काय द्यावे असे आपणांस वाटते. मला वाटले होते की ते नवी इमारत, थ्रीडी प्रिंटर किंवा निदान एक कायम पद मागतील. त्यांनी खणातून एक फाईल काढून माझ्यापुढे सारली. कच्च्या मालाच्या अनुदानाचे आदेश त्यात वर्षवार लावलेले होते आणि एकूण एक आदेश मार्च महिन्याचा होता, जेव्हा दहावीची परीक्षा संपत आलेली असते आणि रक्कम एकतीस तारखेच्या आत खर्ची टाकावयाची असते. वर्षभर लोखंड, कांड्या आणि गूळ-शेंगदाणे ते दुकानदाराकडून उधारीवर आणतात आणि बिले मार्चमध्ये चुकवितात. “रक्कम वाढवू नका म्हणावं,” ते म्हणाले, “हीच जूनमध्ये द्या.” मग त्यांनी शिपायाला बोलावून अंगणवाडीचा स्टँड रंग वाळल्यावर टेम्पोत चढवावयास सांगितले, आणि बिलाची प्रत सेविकेची सही घेऊन परत आणण्याची ताकीद दिली.